पाय टेकले पाहिजेत

मागच्या महिन्यात मी मोटारसायकल घेतली. तेव्हापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतोय, "पत्रकार, तुम्ही तर बुलेट घेणार होता ना? मग ही काय घेतली?" चहाच्या टपरीवर तेच, तहसीलच्या आवारात तेच, पोलीस ठाण्याच्या पायरीवरही तेच. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. गाडीबद्दल आहे, पण शेवटी रस्त्यावर येते. सवडीने वाचा.

माझं वय ४८. करमाळा तालुक्यात २४ वर्षं बातमीदारी करतोय. पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा वाटलं होतं, पुण्या-मुंबईच्या डेस्कवर बसू. बसलो मोटारसायकलवर, ते अजून उतरलेलो नाही. कंदरच्या केळीपासून केमच्या कुंकवापर्यंत, आणि जेऊरच्या स्टेशनापासून उजनीच्या पाणलोटातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत, सगळं दोन चाकांवर. एकदा रिकामा बसलो असताना हिशोब केला. दिवसाला ५० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, अशी २४ वर्षं. ३ लाख ६० हजार किलोमीटर झाले. पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किलोमीटर. म्हणजे तालुका न सोडता माझ्या पृथ्वीला नऊ प्रदक्षिणा झाल्या. पुण्य किती मिळालं माहीत नाही, पण कमरेचा चौथा-पाचवा मणका मिळालेल्या प्रसादातच आहे.

दुखणं एकदम आलं नाही. आधी सकाळी बूट घालताना कळ यायची. मग डाव्या पायात मुंग्या. मग संध्याकाळी गाडीवरून उतरलं की दोन मिनिटं गाडीलाच धरून उभं राहायचं. लोकांना वाटायचं पत्रकार काहीतरी विचार करतायत. दिवाळीनंतर सोलापूरला जाऊन एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गाडी बंद करा."

आता डॉक्टर चुकीचं बोलले असं नाही. पण गाडी बंद म्हणजे बातमी बंद. ज्या गावात एस.टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते, त्या गावात दुपारी अडीचला विहिरीत कोणी पडलं तर मी एस.टी.ची वाट बघत थांबायचं का? चारचाकी घ्यावी तर तालुका वार्ताहराचं मानधन किती असतं ते या धंद्यातल्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी एवढंच समजा की मानधनात महिन्याचं पेट्रोल निघत नाही. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर आणि बायकोच्या शिवणकामावर. डॉक्टरांना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "बंद नाही होणार. कमी त्रासाची कुठली गाडी असेल तर सांगा." ते हसले आणि म्हणाले, "ते माझ्या सिलॅबसमध्ये नव्हतं."

माझ्या डोक्यात मात्र गाडी ठरलेली होती. बुलेट. आमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको. मी शाळेत असताना गावात दोनच बुलेट होत्या, एक फौजदारांची आणि एक साखर कारखान्याच्या संचालकांची. आवाज आला की आम्ही वर्गाच्या खिडकीत. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, किमती उतरल्या, दिवाळीच्या पुरवणीचं कमिशनही बरं मिळालं. मनाला सांगायला कारणही सापडलं. जड गाडी आहे, दणकट आहे, रस्त्यावर बसून चालते, कमरेला गचके कमी बसतील. बायकोला म्हणालो, "औषधच समजायचं." ती म्हणाली, "अहो, औषध एवढं महाग असतं का?" डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बुकिंगचे पैसे भरायचे ठरले.

त्याच आठवड्यात अण्णा पडले.

अण्णा म्हणजे माझे या धंद्यातले गुरू. वय ६६. हायस्कूलला मराठी शिकवत होते आणि शाळा सुटली की बातम्या लिहीत होते. मला पहिली बातमी लिहायला त्यांनी बसवलं, तीन वेळा फाडली, चौथ्यांदा पाठवली. त्यांचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. बापाने आयुष्यभर जुन्या गाडीवर हाल काढले, आता तरी ऐटीत फिरावं, म्हणून त्याने मागच्या पाडव्याला साडेतीनशे सीसीची गाडी आणून दारात उभी केली. अण्णांनी ती हौसेने चालवलीही. मीच फोटो काढून टाकला होता, तुमच्यातल्या कित्येकांनी लाईक केला होता.

झालं ते असं. कारखान्याचा हंगाम चालू होता. अण्णा शेतावरून येत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर. रस्ता अरुंद. अण्णांनी शहाण्या माणसासारखं केलं. गाडी डाव्या कडेला घेतली, थांबवली, ट्रॅक्टर जाऊ दिला. थांबताना डावा पाय खाली टेकवायला गेले, तर खाली जमीनच नव्हती. डांबराच्या कडेला साइडपट्टी खचून वीतभर खोल झाली होती. पाय हवेत गेला. जवळजवळ दोनशे किलोची गाडी त्या बाजूला कलली. तरण्या माणसाने मांडी लावून धरली असती. अण्णांना नाही धरता आली. गाडी खुब्यावर.

वेग शून्य. हेल्मेट डोक्यावर. लायसन्स, विमा, सगळं खिशात. नियम एकही मोडलेला नाही. आणि खुब्याचं हाड मोडलं.

सोलापूरला ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याला कोणी काही म्हणालं नव्हतं, तरी तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "मला वाटलं त्यांना आवडेल." आवडलीच होती की त्यांना. आवडण्याचा काही प्रश्नच नव्हता. अण्णांनी मला जवळ बोलावून विचारलं, "बुकिंग केलंस का रे?" म्हटलं, शनिवारी करणार आहे. म्हणाले, "सीसी बघू नकोस, आवाज ऐकू नकोस. गाडीवर बस आणि बघ पाय टेकतायत का. दोन्ही. टाचेसकट."

शनिवारी मी शोरूमला गेलो नाही. टेप घेऊन बसलो.

आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मित्रांसाठी, पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते लिहितो. मी काही गाड्यांचा जाणकार नाही. एका दुखऱ्या कमरेच्या माणसाने स्वतःच्या गरजेपोटी केलेली बातमीदारी समजा.

पहिली गोष्ट, सीटची उंची. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो, आपण त्याच्याकडे बघतच नाही. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे. शाइनची ७९१, युनिकॉर्नची ७९८, क्लासिक ३५० ची ८०५. अव्हेंजरची सगळ्यात खाली, ७३७. फरक बघायला बोटभराचे आहेत, पण थांबताना तेवढ्याच बोटाने टाच उचलली जाते. आणि नुसत्या उंचीवर जाऊ नका. सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. म्हणून कागद वाचून ठरवू नका. गाडीवर बसा, रोज घालता त्याच चपला-बुटात बसा.

दुसरी गोष्ट, वजन. स्प्लेंडर ११२ किलो, युनिकॉर्न १४० च्या आसपास, क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो. चालू गाडीत वजन जाणवत नाही, उलट जड गाडी सरळ रस्त्यावर छान स्थिर चालते. वजन कळतं ते गाडी बंद असताना. लग्नाच्या मांडवाबाहेर दहा गाड्यांच्या मधून मागे ओढताना. उतारावर तोंड करून लावलेली गाडी चढाकडे ढकलताना. मिस्त्री म्हणाला, "पत्रकार, गाडी चालवून सगळेच बघतात. तुम्ही ढकलून बघा." सोन्यासारखा सल्ला. शोरूमच्या उतरंडीवर गाडी उलटी ढकलत वर न्या. कमरेत कळ आली तर ती गाडी तुमची नाही, मग ती कितीही देखणी असो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. सीट खाली आहे म्हणजे कमरेला आराम आहे असं नाही. चुलतभावाची अव्हेंजर आणली होती. बसल्याबरोबर वाटलं, हीच! आरामखुर्ची. दोन्ही पाय टाचेसकट जमिनीवर. पण त्या बांधणीच्या गाडीत पाय पुढे सोडून बसावं लागतं. मोकळ्या हायवेला ते झकास आहे. आमच्या रस्त्याला खड्डा आला की आपण काय करतो? नकळत फुटरेस्टवर जोर देऊन बूड इंचभर उचलतो. तेवढ्यात गचका गुडघ्यात जिरतो. पाय पुढे असले की बूड उचलता येत नाही, सगळा दणका माकडहाडातून सरळ वर. स्कूटरचंही थोडंबहुत तेच, शिवाय चाक दहा-बारा इंची असतं, ते खड्ड्यात अख्खं उतरतं. मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची चाक त्याच खड्ड्यावरून बरंचसं वरच्या वर जातं. तर पाय गुडघ्याखाली सरळ यावेत, पाठ ताठ राहावी, हँडल धरायला पुढे वाकावं लागू नये आणि मनगटावर भार येऊ नये. म्हणजे जुन्या लोकांच्या शब्दांत सांगायचं तर पाटावर बसल्यासारखं बसता आलं पाहिजे. जवानांसाठीच्या गाड्यांत हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे असतात. पंचविशीत ते शोभतं. आपल्याला सुप्त वज्रासन होतं.

चौथी गोष्ट, मऊ गादीला भुलू नका. शोरूममध्ये बोट दाबून बघतो आपण. मऊ फोम पहिली दहा मिनिटं गोड लागतो, अर्ध्या तासात बसून जातो आणि खालचा पत्रा लागायला लागतो. घट्ट आणि सपाट सीट लांबच्या प्रवासाला बरी. मागच्या शॉकअपला घट्ट-सैल करायची सोय असते, पण कित्येक गाड्या जड वजनाला घट्ट करून तशाच वर्षानुवर्षं फिरतात. मी एकटाच फिरत होतो, आणि माझ्या जुन्या गाडीचा शॉकअप शेवटच्या खाचेवर होता! कोणे एकेकाळी खताचं पोतं आणलं होतं, तेव्हापासून. टायरातली हवाही तशीच. पंक्चरवाला मापाशिवाय ठासून भरतो, टायर दगडासारखा होतो आणि आपण गाडीला शिव्या देतो. नवी गाडी घ्यायची ऐपत नसेल त्यांनी आधी एवढं करून बघा. खर्च चहापाण्याचा.

पाचवी गोष्ट बायकोने सांगितली. "मागं बसणाऱ्याचा विचार कोणी करतं का?" आमची ही साडीवर एका बाजूला बसते, गुडघे कुरकुरतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मागची सीट वेगळी आणि वीतभर उंच. तिथे तिने चढायचं कसं? शिडी लावून? आणि तिचा तोल गेला की माझा जातो, मग पुन्हा पाय टेकायचा प्रश्न. म्हणून एकसंध सपाट सीट, धरायला कडी, पाय ठेवायला नीट जागा. शोरूममधल्या पोराने तिला विचारलंच नाही की "काकू, बसून बघता का?" मीच बसवलं. दोन गाड्या तिने तिथल्या तिथे नापास केल्या.

सहावी गोष्ट, ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. म्हणजे घाबरून ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. वय वाढतं तसा आपला प्रतिसाद अर्ध्या क्षणाने उशिरा येतो, आणि उशीर झाला की माणूस ब्रेक जास्तच दाबतो. पन्नाशीच्या माणसाला ही चैन वाटू नये.

आता परीक्षा. शोरूमची चाचणी म्हणजे पेट्रोल पंपाला एक फेरी, तीही सिमेंटच्या रस्त्यावरून. त्यावर सगळ्याच गाड्या विमान असतात. म्हणून मी मित्रांच्या, पाहुण्यांच्या गाड्या एकेक दिवस मागून आणल्या. स्वतःची धरून पाच. प्रत्येक गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तोच कमरेचा पट्टा बांधून चालवली. गावापासून एका खेड्यापर्यंत ११ किलोमीटर जायचं आणि यायचं. आणि घरी आल्यावर एकच निकष, रात्री मांडी घालून जेवायला बसता येतं का.

क्लासिकवर गेलो त्या दिवशी चालवताना राजा होतो. परतताना एका गोठ्यापाशी गाडी वळवायला चार वेळा मागेपुढे करावी लागली आणि रात्री खुर्चीत बसून जेवलो. शाइन हलकी आणि सरळ, मांडी घालता आली, पण बायको मागे असताना खड्ड्यात मागचा शॉकअप तळाला लागतोय असं वाटलं. आम्हा दोघांचं वजनही काही चवळीच्या शेंगेचं नाही. युनिकॉर्नवर मांडी घालता आली, बायकोनेही "बरं वाटतंय" म्हटलं आणि माझी उंची पाच फूट सात इंच, टाचा टेकल्या. तीच घेतली. हे नाव ऐकून लगेच शोरूमला पळू नका. कोणाचा हात माझ्या खिशात नाही. पाच फूट तीन इंचाच्या माणसाला दुसरी लागेल, मणक्याऐवजी गुडघा दुखणाऱ्याला तिसरी. परीक्षा माझी वापरा, निकाल स्वतःचा लावा.

इथपर्यंत गाडी झाली. आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते.

पाच गाड्या त्याच रस्त्यावर चालवताना मी गतिरोधक मोजायला लागलो. २४ वर्षं त्या रस्त्यावरून जातोय, कधी मोजले नव्हते. ११ किलोमीटरमध्ये १९. जाऊन येऊन ३८. मग एक दिवस गवंड्याचा टेप घेऊन गेलो. देशात रस्ते कसे बांधायचे याची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. गतिरोधकाचं १९८८ चं मानक होतं, आयआरसी ९९. त्यात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता. म्हणजे रुंदी बारा फूट आणि उंची चार बोटं. गाडी २५ च्या वेगाने त्यावरून पाण्यावरच्या लाटेसारखी गेली पाहिजे. आम्ही मोजलेल्या १९ पैकी एकही तसा नाही. रुंदी दोन-अडीच फूट, उंची सहा-सात इंच. काहींवर पांढरा पट्टा नाही, अलीकडे फलक नाही. हे लाट नव्हे, रस्त्यात आडवा टाकलेला ओंडका आहे. डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलेली जागा आठवली.

लगेच अग्रलेख लिहायच्या तयारीत होतो. पण टेप गुंडाळताना सातव्या गतिरोधकापाशी थांबलो. तो मला माहीत होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिथे शाळेतून येणाऱ्या मुलीला जीपने उडवलं होतं. गावाने तीन तास रस्ता रोखला. मी तिथे उभा होतो. रात्रीतून गावकऱ्यांनीच खडी-सिमेंट आणून आडवा बांध घातला. दुसऱ्या दिवशी माझी बातमी होती, 'अखेर गतिरोधक झाला'. खाली माझं नाव. नंतर कात्रणं काढून बघितली. त्या १९ पैकी चार गतिरोधक माझ्या बातम्यांनी झालेत.

आता कोणाला बोलायचं? त्या गावाने काय चूक केली? शाळेसमोर फलक मागितला, मिळाला नाही. वेगावर नियंत्रण मागितलं, मिळालं नाही. शाळेतल्या पोरांना चालायला कडेला जागा मागितली, मिळाली नाही. मग त्यांच्या हातात होतं ते त्यांनी केलं. आणि मी? मी गतिरोधक झाला हे छापलं, तो कसा झाला हे मोजलं नाही. आणखी सांगतो. खड्ड्यांच्या बातम्या मी शेकड्याने केल्या. फोटोही ठरलेला, खड्ड्यात बसलेला माणूस किंवा लावलेलं झाड. पण साइडपट्टीवर २४ वर्षांत एकही बातमी केली नव्हती. दर वेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, आम्ही 'रस्त्याचे भाग्य उजळले' लिहितो. रस्ता वर येतो, कडेचा मुरूम तिथेच राहतो. मग कडेने केबलचा चर खणला जातो, वरवर बुजवला जातो, पावसात खचतो. थराथराने ती पायरी वाढत जाते. चालत्या गाडीला ती दिसत नाही. थांबणाऱ्याला दिसते, तीही पाय गेल्यावर.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो, त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. आकडा मोठा आहे. पण अण्णांसारखा अपघात अशा आकड्यांत कुठून येणार? पोलिसांत नोंद नाही. कोणी धडक दिली नाही, कोणी दारू प्यालेला नव्हता, कोणाचा वेग नव्हता. पंचनामा कशाचा करणार, वीतभर खड्ड्याचा? घरात पाय घसरला म्हणतात तसा हा बाहेर घसरला, एवढीच त्याची किंमत.

आणि असे अण्णा एकटे नाहीत. सकाळी सहाला डेअरीवर जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून येणारी माणसं बघा. निम्मी साठीच्या आतबाहेरची आहेत. पोरं पुण्याला, पिंपरीला, रांजणगावला. मागे राहिलेत ते म्हातारे आणि त्यांच्या मोटारसायकली. दवाखान्याला तेच, बँकेत तेच, नातवाला शाळेत सोडायला तेच. ७५ वर्षांच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. योजना चांगलीच आहे, माझी आई तिच्यावरच पंढरपूरला जाते. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. ज्या वस्तीवर गाडीच येत नाही, तिथल्या आजोबांची सवलत म्हणजे त्यांची स्प्लेंडर. आणि ती त्यांनी कशी चालवावी, कुठे थांबावं, कुठे पाय टेकवावा, याचा विचार रस्ता बांधणाऱ्याने केलेला नसतो, गाडी विकणाऱ्याने केलेला नसतो, आणि बातमी लिहिणाऱ्यानेही केलेला नव्हता.

जानेवारीत मी साइडपट्टीची बातमी केली. मोजमापासकट, फोटोसकट, १९ गतिरोधकांच्या यादीसकट पाठवली. आठ ओळी लागल्या, आतल्या पानावर, खाली. त्याच आठवड्यात ६ जानेवारीला दर्पण दिन होता, पत्रकारांचा सत्कार झाला, मला शाल-श्रीफळ मिळालं. फोटोग्राफर म्हणाला, पुढच्या रांगेतल्यांनी खाली बसा. मला बसता येईना. मागे उभा राहिलो, फोटोत निम्मा चेहरा आलाय.

नंतर त्या रस्त्यावर दोनेकशे मीटरला मुरूम पडला. बातमीने पडला की दौऱ्याने, सांगता येत नाही, कारण त्याच सुमारास एक मोठा दौरा होता. जिथे अण्णा पडले तो भाग त्या दोनशे मीटरमध्ये नाही. मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, तारीख लिहून ठेवलीय. उत्तर आलं की इथेच टाकीन. नाही आलं तरी टाकीन.

तुम्हा सगळ्यांना एक काम सांगतो. आपल्या गावचा एक गतिरोधक मोजा. रुंदी, उंची आणि कडेची पायरी किती खोल आहे ते. टेप नसेल तर वितीने मोजा. फोटोसह मला पाठवा. मी माझ्या जुन्या कात्रणांची यादीही त्यात जोडणार आहे, कारण चार माझे आहेत.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा अण्णांकडे गेलो. ते आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. त्यांची गाडी मुलाने पुण्याला नेली. मी दारात थांबलो, त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. माझ्या बुटांकडे बघत होते. म्हणाले, "टेकतायत." मग वॉकर भिंतीला लावला, ओट्यावर हळूच बसले, चष्मा पुसला आणि विचारलं,

"अ‍ॅव्हरेज किती देते रे?"